वीस मिनिटांचं मानधन

“कीर्तनाचा नारळ घ्यावा, पाकीट घेऊ नये,” असं वडील सांगून गेले होते. कीर्तनकार अंबूताईंनी ते जन्मभर पाळलं. पण वर्गमैत्रीण शकू, आताची मंत्रीणबाई, दगडखाणवाल्यांच्या समारंभात वीस मिनिटं बोलून पाच लाख घेऊन गेली, तेव्हा त्यांच्या पोटात दुखलं. वक्तृत्वात शकू मेली कायम दुसरी यायची!

“ताई, पुढच्या वेळी तुम्हीच बोला. लाखभर देऊ,” घरी आलेले खाणीचे मॅनेजर म्हणाले. “फक्त धुळीबद्दल कुठं बोलायचं नाही. बाईसाहेब कुठं बोलतात?”

शकूला पैसे कशाचे मिळाले ते अंबूताईंना कळलं. हेवा मात्र जाईना.

“आज एकादशी, खोटं बोलवत नाही. मोह होतोय हो,” त्या म्हणाल्या.

चार वाजता कलेक्टर कचेरीत खाणीची सुनावणी होती. धुळीनं खोकणाऱ्या वस्तीतर्फे बोलायचं त्यांनी कबूल केलं होतं. पदर सावरून त्या एसटी स्टँडकडे चालू लागल्या.