भिंतीचं माप

“बाबा, जरा पाय वर घ्या,” मुलगा म्हणाला आणि त्याने खिडकीखालच्या भिंतीला टेप लावली. बाबांनी पाय वर घेतले. एवढंच नव्हे, वाकून टेपचं दुसरं टोकही धरलं. दाराशी दोन्ही नाती एकमेकींना कोपराने ढोसत उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपणाऱ्या त्या पोरींना आजोबांच्या खोलीचं भारी अप्रूप. मुलाने आकडा फोनमध्ये टिपला आणि जाता जाता म्हणाला, “रविवारी गाडीने जरा लांब जाऊन येऊ. आपण दोघंच.”

बाबांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. भिंतीचं माप म्हणजे टेबल. टेबल म्हणजे त्यांच्या ब्लॉगसाठी. वर रविवारची सहल! आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, त्यातली गत. घरात अखेर कुणीतरी त्यांच्या लिहिण्याला मानलं होतं.

चाळीस वर्षं बाबांनी घड्याळं दुरुस्त केली. मग हात कापू लागले, दुकान गेलं आणि केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा माणूस घरात भाजी निवडू लागला. तेव्हापासून त्यांना एकच धास्ती: हा बसून खातो, असं म्हणत उद्या आपण घरात कुणाला नकोसे झालो तर? म्हणून बहात्तराव्या वर्षी ते कॉम्प्युटरच्या क्लासला गेले आणि जुनी घड्याळं कशी उघडावीत यावर ब्लॉग सुरू केला. क्लासच्या मॅडमनी त्यावर जाहिराती लावून दिल्या. लोक वाचतील, जाहिराती बघतील, कंपनी पैसे देईल. सहा महिने झाले, कंपनीने अजून दमडी दिली नव्हती. पण दुकान तरी पहिल्या वर्षी कुठे चाललं होतं?

आणि बाबा पडले दुकानदार. त्यांच्या लेखी जाहिरात म्हणजे दारावर टांगलेली पाटी. येणाराजाणारा प्रत्येकजण तीच वाचणार. त्यांच्या स्वतःच्या फोनवर पाट्या ठीकठाक होत्या, घड्याळाचे पट्टे, चिमटे, भिंगं. मुलाच्या फोनचा पडदा मोठा, म्हणून दुपारी त्यांनी त्याच्या फोनवर ब्लॉग उघडला. पाहतात तो काय, लेखाच्या वर वृद्धाश्रम, मध्ये वृद्धाश्रम, खालीही वृद्धाश्रम. ‘आईवडिलांसाठी दुसरं घर. आजच जागा राखून ठेवा.’

कंपनीने पाट्या बदलल्या, बाबांना वाटलं. कंपनी शहाणी. आपला ब्लॉग कोण वाचतं ते तिला ठाऊक असणार. म्हातारी माणसं, पोटच्या पोरांना जड झालेली. बाबांना त्यांची दया आली. त्यांनी बसल्या बैठकीला एक लेख लिहिला: ‘मित्रांनो, माझं नशीब थोर. आज माझ्या मुलाने माझ्या टेबलासाठी भिंत मोजली. तुमच्याही मुलांना देव अशीच बुद्धी देवो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो मुलाला वाचून दाखवला. मुलगा बुटांच्या नाड्या बांधत होता. लेख संपला तरी तो बांधतच होता.

“छान आहे,” तो खाली मान घालूनच म्हणाला आणि कामावर गेला.

बाबा तडक क्लासला गेले. “मॅडम, हा लेख टाकायचाय. आणि त्या वृद्धाश्रमाच्या जाहिराती असू द्या बरं का. वाचणाऱ्या बिचाऱ्यांच्या उपयोगी पडतील.”

मॅडमनी ब्लॉग उघडला. “वृद्धाश्रम? आजोबा, मला तर सगळ्या चपलाच दिसतायत.” मग त्यांना हसू आलं. “अहो, जाहिरात लेख बघून येतेच असं नाही. माणूस बघून येते. जो फोनवर जे शोधतो, ते त्याला दिसतं. मी आठवडाभर चपला शोधतेय, तर तुमच्या घड्याळांतही चपला.”

“आणि शोधून झालं की?”

“मग जाते. माणूस पुढचं काही शोधायला लागला, की ते दिसायला लागतं. का हो, वृद्धाश्रम कुणाच्या फोनवर दिसले?”

“एक वाचक आहे,” बाबा म्हणाले.

लेख त्यांनी टाकला नाही. क्लासातून ते घरी निघाले. वाटेत ते स्वतःच मुलाचे वकील झाले. मित्रासाठी शोधलं असेल. सासऱ्यासाठी असेल. रागाच्या भरात एखाद्या दिवशी शोधलंही असेल आपल्यासाठी, पण शोधलं म्हणजे नेऊन सोडलं थोडंच? बापाला टाकणारा पोर बापाच्या खोलीत टेबल कशाला करेल?

संध्याकाळी मुलगा घरी आल्या आल्या त्यांनी हात पुढे केला. “फोन दे रे जरा, ब्लॉग बघतो.”

मुलाने दिला. बाबांनी भीत भीत ब्लॉग उघडला. वर वृद्धाश्रम नव्हता. मध्ये नव्हता. खालीही नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला. चला, पोराने विचार सोडला तर! त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि आता त्या जागी काय आहे ते वाचलं. वर, मध्ये, खाली, सगळं वाचलं. चिमट्याने एकेक चक्र उचलावं तसं सावकाश वाचलं. मग फोन परत दिला.

“ती भिंत किती भरली रे?”

“साडेसहा फूट. का हो बाबा?”

“मग बसेल,” बाबा म्हणाले. “पोरींचा दुमजली पलंग सव्वासहाचा आहे.”