दोरीचं दुसरं टोक

"ते भुताचं सोंगसुद्धा नेणारेस?" व्हर्नाने विचारलं.

लोर्नाने सुटकेसमधली जुनी चादर वर धरली. डोळ्यांच्या जागी दोन भोकं. ऑक्टोबर सरताना गावची पोरं असली सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडायची. लोर्ना मात्र आपल्याच घराला वळसे घालायची. खिडकीखिडकीशी थांबायची. आणि प्रत्येक खिडकीत आईच, म्हणजे व्हर्नाच असायची, दर वेळी निराळी टोपी घालून, निराळा आवाज काढून.

"नेणार. शिकागोत माझ्या ओळखीचं कोणी नाही. भूत तरी असू दे सोबतीला."

व्हर्ना हसली नाही. ती बटाटे सोलत होती. दोघींना पुरतील त्याहून कितीतरी जास्त.

बाहेर हॉर्न वाजला. शेजारचा मक्याचा शेतकरी गस टोलेफसन लोर्नाला बसथांब्यावर सोडायला आला होता. खिडकीतून त्याने डोकं आत घातलं.

"व्हर्ना, पोरगी शिकागोला चाललीये, चंद्रावर नाही. आणि मागच्या वर्षी चंद्रावर गेलेले बाप्येसुद्धा आले की परत!"

"ही घे कॉफी, आणि गाडीत जाऊन गप बस."

"बसतो बाई. पण बस काही माझी मेहुणी नाही, थांबायला." गस कप घेऊन गेला.

शिकागोतल्या एका टेलिफोन कचेरीत लोर्नाला जागा मिळाली होती. सोमवारी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला. याआधी दोनदा तिने ही सुटकेस भरली होती आणि दोनदा रिकामी केली होती. एकदा आईच्या छातीत धडधडलं. दुसऱ्यांदा, गेल्या हिवाळ्यात, बाबाच गेले. बावीस वर्षांची झाली, पण लहानपणी आयोवातल्या या गावी आल्यापासून तिने गावाबाहेर एक रात्र काढली नव्हती.

"माझी दोरी कुठंय गं?"

"कुठली?"

"उड्यांची. एक टोक व्हरांड्याच्या खांबाला, दुसरं तुझ्या हातात."

व्हर्नाचा चेहरा जरा सैलावला. "आणि तू मध्ये. वाऱ्यावर कणीस डुलावं तशी."

"इतर मुलींच्या दोरीला दोन्हीकडे मुली असायच्या, आई."

"पोलिओची साथ होती. उन्हाळ्यात पोरांना कोण बाहेर सोडत होतं?"

"साथ गेली तरी तू सोडलं नाहीस. मी शाळेत, तू दारापुढे गाडीत विणत बसलेली. पोरं म्हणायची, लोर्नाच्या आईलाच वर्गात घ्या, मार्क तरी बरे पडतील. जत्रेत फोटोवाला आला की माझं तोंड तुझ्या कोटात. त्या कोटाचा वास अजून आठवतो मला. लोकर आणि दालचिनी."

तो वास तिला आवडायचा, हीच तर पंचाईत होती.

"गसची बायको चर्चच्या जेवणात पाचही पोरांची बाळंतपणं रंगवून सांगते," लोर्ना म्हणाली. "तू माझी गोष्ट सुरूच करतेस ती तीन वर्षांची झाल्यापासून."

"त्याआधी तू गुणी होतीस. गुणी पोरांच्या गोष्टी नसतात."

"मला एक स्वयंपाकघर आठवतं. पिवळे पडदे. कोणीतरी मला टेबलावर बसवून मोजे घालतंय, गातंय."

"आपल्याकडे पिवळे पडदे कधीच नव्हते."

"इथे नाही. पेनसिल्व्हेनियात, आधी राहायचो त्या वसाहतीत."

"तिथेही नव्हते."

सुरी थांबली. अर्धा सोललेला बटाटा व्हर्नाने तसाच ढिगावर टाकला. लोर्नाने ते पाहिलं. मग खिडकीबाहेरची कापलेली शेतं पाहिली, ढिगाने सोललेले बटाटे पाहिले. ती खुर्चीत बसली आणि कोटाची बटणं काढू लागली.

"राहू दे. बाबा नाहीत. तुझ्या पोटची मी एकटी. मी गेले तर तुला घोटभर पाणी कोण देणार? गसला सांगते, जा म्हणून."

याच शब्दांची व्हर्ना आठवडाभर वाट पाहत होती. आता ते आले, तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. मग तिने हात पुसले. शेगडी बंद केली.

"बाबांचा किस्सा आठवतो? वसाहतीतला?"

लोर्नाला हसू आलं. तो किस्सा कोणाला ठाऊक नव्हता! युद्धानंतरची नवीकोरी वसाहत, शेकडो घरं एकाच साच्यातली. तीच पायरी, तीच खिडकी, तेच हातभर झाड. बाबा एकदा कामावरून आले ते थेट परक्याच घरात. टोपी खुंटीला लावली, टेबलाशी बसले आणि "आज काय केलंस?" म्हणून विचारलं. त्या घरच्या बाईने निमूट ताट वाढलं, तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं.

"चूक सगळ्यांचीच व्हायची तिथे," व्हर्ना म्हणाली. "दारं कोणी लावत नसे. लहान पोरं तर कुठल्याही घरात शिरायची."

तिने सुटकेस उचलून लोर्नाच्या पायांशी ठेवली. वाकून तिच्या कोटाची बटणं पुन्हा लावली, खालून वर, अगदी गळ्यापर्यंत. बाहेर गसने हॉर्न दाबून धरला.

"जा. तू माझं काही देणं लागत नाहीस."

"असं काय बोलतेस, आई?"

"पोटची म्हणालीस, म्हणून सांगते. वसाहतीतली दुपार होती. बागेच्या फवाऱ्यात तुझा फ्रॉक चिंब भिजलेला. 'मम्मा, दूध,' म्हणालीस आणि मग वर माझ्याकडे पाहिलंस." व्हर्नाने शेवटचं बटण लावलं. "तू आपली आपणच चालत आलीस गं, बाळ. मी फक्त दार लावून घेतलं."