वजा पंचावन्न

जनावरांच्या दवाखान्यातल्या काट्यावर कुत्रा काही केल्या उभा राहीना. कंपाउंडर धाकट्या जावेला म्हणाला, "त्याला कडेवर घेऊन चढा. तुमचं वजन नंतर वजा करू." काटा सदुसष्टवर थांबला.

"आता तुम्ही एकट्या चढा."

सोबत आलेली थोरली जाऊ नुकतीच गंमत म्हणून त्याच काट्यावर छप्पन्न भरली होती. आता ती मान लांब करून बघत होती.

"कशाला? माझं पाठ आहे," धाकटी म्हणाली. "पंचावन्न."

"म्हणजे हा बारा किलो?" कंपाउंडर म्हणाला. "दिसत नाही हो."

"हाडापेराने मजबूत आहे."

भुलीचं औषध किलोवर ठरतं. कंपाउंडरने बाराने गुणलं, डॉक्टरांनी टोचलं. किडलेला दात निघाला, पण कुत्रा डोळे उघडेना. डॉक्टर धावत बाहेर आले.

"श्वास मंदावलाय. भूल जास्त झाली असेल तर उताऱ्याचं इंजेक्शन आहे, पण उगाच देता येत नाही. नळ्या लावल्यात, पुन्हा तोलायला वेळ नाही. वजन बरोबर होतं ना?"

धाकटीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं.

"पंचावन्न म्हणजे पंचावन्न."

दहा मिनिटांनी मेलेला कुत्रा चादरीत गुंडाळून बाहेर आणला. धाकटी ढसाढसा रडत होती, म्हणून थोरलीने त्याला हातात घेतलं आणि ती दचकलीच. "अगं, हा तर पाच किलोसुद्धा नाही!"

"बघा ना ताई," धाकटीने हुंदका दिला, "दहा मिनिटांत किती उतरलं माझं पोर!"