अंगात मुरलेला वास

"शी! आधी लांब हो," निगुडकर सर नाकाला रुमाल लावून शर्वाणीवर खेकसले. "परीक्षक बाई येतायत आणि तू सडक्या मासळीसारखी घमघमतेयस!"

वास खराच होता. आर्सेनिक-गंधकाची काच अमाईन नावाच्या द्रावकात विरघळवायची आणि गरगर फिरणाऱ्या पट्टीवर थेंब सोडून तिचा पातळ थर, म्हणजेच फिल्म, बनवायचा, हेच ती वर्षभर करत होती. तो वास केसांत मुरला होता. घरी तिचं ताटही बाहेर ओट्यावर यायचं. सर मात्र प्रयोगशाळेच्या उंबऱ्याआत कधी आले नव्हते.

बाई ज्या फेलोशिपसाठी निवड करणार होत्या, ती एकच होती. बाई येताच सरांनी अत्तर लावलेला पुतण्या पुढे ढकलला. "सगळ्या फिल्म यानेच बनवल्या, मॅडम. ही नुसत्या बाटल्या धुते."



बाईंनी पिवळसर फिल्म उजेडात धरली, मग पुतण्याजवळ जाऊन हुंगलं. "अत्तर झकास आहे हो."

आणि त्या शर्वाणीच्या खांद्याला खांदा लावून बसल्या. "मलाही याच वासापायी सासूबाईंनी वर्षभर स्वयंपाकघरात घेतलं नव्हतं. बोल गं, द्रावण कसं केलंस?"

सरांचा रुमाल अजून नाकालाच होता.