कीर्तनाकडे पाठ

छप्पन साली राज्यं नव्यानं आखली; नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, अन् “मी नागपूरलाच राहीन” म्हणत डॉक्टरकाकांचा एकुलता मुलगा भांडून निघून गेला. काकांनी त्याचं नावही काढलं नाही. दवाखान्यात शिकायला आलेल्या तरुण डॉक्टर मनोहरला मात्र म्हणाले, “नाडी मागाहून पाहजो. आज मारुतीच्या देवळात कीर्तनाकडे पाठ करून बस, अन् ऐकणाऱ्यांची तोंडं पाह्य. मीही असनच तिथं.”

सकाळी मनोहर आला तो बेचैन. “रामराया वनवासाला निघाला तेव्हा सारं देऊळ रडून राहिलं होतं, काका. एकच माणूस कोरडा. सारा वेळ दाराकडेच पाहून राहिला होता.”

“अबे, तोच खरा बिमार! समोर बसव त्याले, अन् घरचं विचार.”



मनोहरनं दवाखान्याचं दार लोटलं, स्टूल काकांसमोर ओढलं. “काका, पोराची काही खबर?”