मोठ्यांच्या विभागात

अठरा पूर्ण झाल्यावर तिची एचआयव्हीची औषधं मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात गेली, आणि तिने यायचंच सोडलं. आज मात्र ती मुलांच्या विभागातल्या बाकावर येऊन बसली. चेहरा उतरलेला, कपडे अंगावर सैल झालेले. तिला लहानपणापासून बघणाऱ्या सिस्टरनी जवळ बसून विचारलं,

"गोळ्या बंद केल्यास ना? तिथे कुणी टाकून बोललं का?"

"नाही हो सिस्टर. तिथे कुणी काहीच बोलत नाही. गोळ्या चुकल्या तरी रागवत नाहीत. हातात ठेवतात आणि पुढच्याला बोलावतात."

सिस्टरनी हातातलं काम सोडलं, तिला हाताला धरून मोठ्यांच्या विभागात नेलं आणि तिथल्या नर्सला सांगितलं,

"हिला जरा रागवत जा. घरी रागवायला कुणी उरलेलं नाही."