अकरा खांब

नव्या वायरमन चेतनानं वीज कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. कोरीट शिवारातला विजेचा खांब, खाली लिहिलेलं : "धानोरा लाईन बंद करून घेतली. वर चढते."

रनाळ्याच्या उपकेंद्रात दोधूभाऊ जेवायला बसले होते. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी तिला फोन लावला.

"चढू नको. उतर खाले."

"लाईन बंद शे ना, भाऊ."

"त्या खांबावर रनाळानी लाईन बी येस. ती चालू शे."

दोन हात वर चढलेली चेतना तशीच खाली उतरली.

हे कुठल्याच नकाशात नव्हतं. तीस वर्षं तारा ओढणाऱ्या दोधूभाऊंच्या डोक्यात होतं, आणि तिथंच राहावं असा त्यांचा बेत होता. ग्रुप काढला तेव्हा साहेब म्हणाले होते, आपल्याला ठाऊक असेल ते टाकत चला, दर महिन्याला प्रमाणपत्र देऊ. दुसऱ्या वायरमननं, ललितनं, हेल्मेटची चित्रं टाकून दोन पटकावली. दोधूभाऊंनी एक अक्षर टाकलं नाही. कसं टाकणार? त्यांच्यावाचून रनाळ्याच्या लाईनीतला बिघाड सापडत नाही, म्हणून तर त्यांची दूर डोंगरातल्या धडगावची बदली दोनदा अडली होती. सोमवार-गुरुवार बायकोचं, शोभाबाईंचं, नंदुरबारला डायलिसिस. घेऊन जाणारे हे एकटेच.

"भाऊ, अशा खांबा अजून कितला शेतस?" चेतनानं विचारलं.

"अकरा."

"मंग तुम्हना फोन लागना नही ते?"

दोधूभाऊंना राग आला. कालपरवा नोकरीला लागलेली पोर, आणि विचारते कशी बघा. पण फोन ठेवल्यावर त्यांनी ग्रुप उघडला.

शेजारी डबा खात बसलेल्या हिलाल ऑपरेटरनं ते पाहिलं. "भाऊ, हाई टाकं की आठ दिनमा धडगाव."

"माहीत शे."

टाइप करणं त्यांना जमत नसे. बटण दाबून ते बोलायला लागले. खांब कोणाच्या बांधावर, दुसरी लाईन कुठून येते, आधी काय बंद करायचं. अकराच्या अकरा सांगितले. पाच मिनिटं लागली.

साहेबांचा अंगठा लगेच आला. खाली दोन ओळी : "उत्तम. आता रनाळे कुणीही सांभाळू शकेल."

दोधूभाऊंनी ते वाचलं आणि घरी फोन लावला.

"अवं, दवाखानामा तुले लई जावाले दुसरं कोन येई, इचारी ठेव."